दोनदा वाढायचा भात

परवा माझ्या लेकीने मोबाइलवरून जपानी जेवण मागवलं. काळा प्लॅस्टिकचा डबा, आत पाच खण आणि झाकणावर ऐटीत छापलेलं ‘तेइशोकू’. मी झाकण काढलं आणि माझं डोकंच फिरलं. सूपची डबी डावीकडे, भात उजवीकडे, मासा पार पुढ्यात आणि लोणचं कुठेतरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. मी सगळं घरातल्या वाट्यांत काढून नीट मांडायला लागले, तर लेक म्हणते, “मम्मा, रिलॅक्स! पोटात जाऊन सगळं एकच होणार आहे.” होतं गं बाई, एकच होतं. पण पोटात जायच्या आधी त्या प्रत्येक वाटीला तिची एक जागा असते, आणि ती जागा माझ्या आईने कुवेतमध्ये, मंगफच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात उभं राहून, कंबर मोडेस्तोवर शिकून घेतली होती. त्याचं पुढे काय झालं ते मी आजवर कुणापाशी धड बोललेले नाही. आता लिहून टाकते. बाबांना वाचून वाईट वाटेल, असं माझा नवरा म्हणतो. वाटू दे.

मंगफला आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. समुद्राची एक निळी पट्टी दिसायची, पण ती बघायला ओट्यावर चढावं लागायचं. बाकी चहूकडे इमारती, गच्च्यांवर डिश आणि दक्षिणेकडे रिफायनरीच्या ज्वाळा. घरात चोवीस तास एसीची घरघर. ती थांबली की आम्ही सगळे दचकून वर बघायचो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापायचं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नसे, म्हणून कुवेतमधल्या सगळ्या घरांसारखा आमचाही कारभार उलटा असायचा. गीझर बंद ठेवायचा आणि त्यातलं सावलीतलं पाणी गार म्हणून वापरायचं. आई तांदूळ धुवायला ते पाणी आदल्या संध्याकाळी बादलीत भरून ठेवायची. खालच्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, खुबूसच्या रोट्या आणि लबान म्हणजे ताक आणायचं काम माझं. मी तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये बारावीला होते आणि आईशी अर्धं इंग्रजीत बोलायचे. ती मात्र रागावली की सरळ वेंगुर्ल्याला पोचायची.

तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी सकाळी दारात मासळी आणि दुपारी ताटात, असं वाढलेली बाई. ती पडली नाशिकच्या कुलकर्ण्यांच्या घरात, जिथे कांदा-लसणालासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर काढायचे. लग्नानंतर तिचं मासे खाणं सुटलं असं सगळे म्हणायचे. सुटलं कसलं, सोडवलं. “माहेरी गेलीस की खा ना पोटभर, मी कुठे नाही म्हणतो?” असं बाबा मोठ्या उदारपणे म्हणायचे, आणि सुट्टी लागली की आमची तिकिटं नाशिकची निघायची. बाबा म्हणजे पायपिंग इंजिनिअर. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मराठी मंडळींत त्यांच्यावाचून पान हलत नसे. गणपतीत मांडव, कोजागिरीला दूध, कुणाचा बाप गेला तर विमानतळापर्यंत गाडी, सगळीकडे कुलकर्णी पुढे. लोक मला अजून भेटतात आणि म्हणतात, तुझे बाबा म्हणजे राजा माणूस हो! मी हसते. राजाच्या घरात राहणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही.

बाबांच्या प्रोजेक्टवर जपानी कंपनीची माणसं होती आणि त्यांचे मुख्य मोरी-सान समोरच्या इमारतीत राहायचे. त्यांची बायको फुमिको-सान दिवसभर एकटी. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, पण एक दिवस बाबा घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, “वसू, उद्यापासून मोरीसाहेबांच्या मिसेस येतील. त्यांना म्हटलंय, माझ्या बायकोला तुमचा स्वैपाक शिकायची फार हौस आहे.” आई म्हणाली, “मला? कधीपासून?” “आजपासून,” बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, “आणि हे बघ, मासे आणावे लागले तरी हरकत नाही. भांडी तेवढी वेगळी ठेव.” इतकी वर्षं जे घरात आलं तर घर बाटलं असतं, ते साहेबाच्या बायकोसाठी हरकत नाही झालं. दुसऱ्या दिवशी आईने कपाटातून चांगली साडी काढली.

पहिल्याच आठवड्यात फुमिको-सान आम्हाला कुवेत शहरात शर्कच्या मासळीबाजारात घेऊन गेली. बर्फाच्या ढिगांवर हमूर, झुबैदी म्हणजे आपली पापलेटं, कोळंबीचे डोंगर, आणि ओरडणारे बंगाली नि इजिप्शियन विक्रेते. आईने एका टोपलीपुढे थांबून बांगडा उचलला, अंगठ्याने त्याचा कल्ला वर करून पाहिला, नाक मुरडून परत टाकला आणि खालचा दुसरा ओढून काढला. विक्रेता काहीतरी बोलला तर त्याला मालवणीत झापलं, “माका शिकवतंस?” फुमिको-सानने दोन्ही हात मांडीला लावून आईला कमरेतून वाकून नमस्कार केला, अगदी बाजाराच्या मधोमध. मी शरमेने मेले. पण आईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आपल्या आईला काहीतरी येतं, आणि ते आपल्याला या वयापर्यंत माहीतच नव्हतं, हे मला त्या मासळीच्या चिखलात उभं राहून समजलं.

मग ताटाचे धडे सुरू झाले. तेइशोकू म्हणजे सबंध जेवणाचं ताट. एक सूप, एक मुख्य पदार्थ, दोन लहान वाट्या, लोणचं आणि भात. ऐकायला सोपं. भात डावीकडे पुढे, सूप उजवीकडे पुढे, मासा मागे उजव्या अंगाला, भाज्यांच्या वाट्या मागे डावीकडे, लोणचं मध्ये, आणि जेवायच्या काड्या सगळ्यांच्या पुढ्यात आडव्या, टोकं डावीकडे. आपल्या पानात मीठ-लिंबू कुठे, कोशिंबीर कुठे हे जसं डोळे मिटून वाढता येतं, तसं हे आईच्या हाताला यायला वेळ लागला नाही. बांगड्याला मीठ चोळून, पाणी सुटलं की पुसून, सरळ आगीवर. “यात शिकायचं काय? हे आमच्याकडे शेजारीण पण करते,” आई म्हणाली. सोबत किसलेला मुळा. पालक उकडून, घट्ट पिळून, वर भाजलेल्या तिळाचं कूट आणि सोया सॉस. काकडीचं मिठातलं लोणचं. सूपसाठी फुमिको-सान जपानहून वाळवलेल्या माशाचा कीस आणायची, तो गरम पाण्यात टाकून लगेच गाळायचा आणि त्यात सोयाबीन आंबवून केलेलं मिसो कालवायचं, उकळी येऊ द्यायची नाही. आईने तो कीस हुंगला आणि मला म्हणाली, “अगो, ही तर आमची सुकटच. फक्त शाळा शिकलेली.” जपानी तांदूळ महाग, म्हणून इजिप्शियन तांदूळ वापरायचा. तो बुटका, गोल, आपल्या आंबेमोहोरासारखा जरा गिच्च होणारा.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो भात वाढायला. लाकडी उलथन्याने तो अलगद सुटा करायचा, वाडग्यात हलकेच सोडायचा, दाबायचा नाही, आणि वाडगं काठोकाठ तर मुळीच भरायचं नाही. आणि एका खेपेत कधीच नाही. “टू टाइम्स, वसुधा-सान. ऑलवेज टू,” फुमिको-सान दोन बोटं दाखवून म्हणायची. का, ते तिने सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही, नुसती मान डोलावली. मला वाटलं, असेल काहीतरी त्यांचं. त्या वयात मला मोठ्यांच्या सगळ्याच गोष्टी ‘असेल काहीतरी त्यांचं’ या सदरात टाकायची सवय होती.

बाबांना हे जेवण कधी आवडलं नाही. त्यांच्यासाठी आई माशाऐवजी वांगं भाजायची आणि साधं वरण करायची, तरी ते ताटाकडे बघून म्हणायचे, “एवढ्याशा वाट्या! बाहुलीचं लग्न आहे का? आजारी माणसाचं जेवण आहे हे.” पण ऑफिसात मात्र तेच जेवण छाती फुगवून सांगायचे. मोरी-सान दर आठवड्याला जेवायला यायला लागले. बाबांच्या कॉन्ट्रॅक्टची मुदत वाढली. त्याचं श्रेय त्यांच्या कामाला होतं, हे मी नाकारत नाही. पण ज्या बांगड्याचा धूर आमच्या पडद्यांत बसला होता, त्याचा त्यात अजिबात वाटा नव्हता असं कुणी म्हणू नये.

शर्कमध्ये एका ऑफिसच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ओकादा-बाईंचं छोटं जपानी जेवणघर होतं. दुपारची ताटं त्यांचा नवरा करायचा. आदल्या उन्हाळ्यात तो अचानक गेला आणि बाईंनी दुपारची जेवणं बंद केली. फुमिको-सानने एक दिवस आईच्या हातचा डबा नेऊन त्यांना दिला. त्यांनी तो खाल्ला, रिकामा डबा स्वतः धुतला आणि तो परत करायला स्वतः आमच्या घरी आल्या. बारीक, पांढरे केस कातरलेली बाई. बसल्या नाहीत. उभ्यानेच इंग्रजीत म्हणाल्या, “दुपारची ताटं पुन्हा सुरू करायची आहेत. सकाळी गाडी पाठवीन, तीनपर्यंत घरी सोडीन. याल?” कागदपत्रांचं त्यांचा कुवेती भागीदार बघणार होता. फक्त एकच होतं. आई बाबांच्या व्हिसावर आलेली, तिच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, बाबांचं नाव, तेव्हा बाबांची संमती हवी. आणि ओकादा-बाईंची स्वतःची एक अट होती. डब्यात भरलेलं जेवण वेगळं आणि समोर वाढलेलं ताट वेगळं, म्हणून एकदा आईने आपल्या घरी सबंध ताट वाढायचं, ते जेवून त्या शेवटचं हो म्हणणार.

त्या गेल्यावर आई स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत राहिली. मी मागे गेले तर म्हणाली, “मीनू, मला हे पाहिजे गो. मला आयुष्यात काही इतकं पाहिजे झालंच नव्हतं.” तिचे डोळे भरलेले आणि ओठ हसत होते. मी तिला इतकी तरुण कधी पाहिली नव्हती. तिचं वय तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा कमी होतं, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.

बाबांना ही गोष्ट मोरी-सानांच्या दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर सांगितली गेली. मोरी-सान कधी नव्हे ते खुलून हसत होते. बाबांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, “व्हाय नॉट! इट इज माय ऑनर, सर!” रस्ता ओलांडून आम्ही आमच्या इमारतीत आलो. लिफ्टचं दार बंद झालं आणि बाबा म्हणाले, “स्वैपाकीण. कुलकर्ण्यांची सून शर्कच्या हॉटेलात मासे भाजणार.”

“अहो, तुम्हीच तर हो म्हणालात,” आई म्हणाली.

“साहेब समोर बसलेला असताना काय म्हणणार होतो? मंडळात लोक विचारतील, कुलकर्णी, पगार पुरत नाही का रे? काय तोंड दाखवू मी?”

“मग मोरींना सांगा, मला नाही पटत म्हणून.”

“आता? आता कसं सांगणार? तूच सांग ना. सांग, झेपत नाही म्हणून.”

“मला झेपतं,” आई म्हणाली. इतकंच. लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि बाबा तिच्याकडे असे बघत राहिले की दार परत बंद व्हायला लागलं. त्यानंतरचे दिवस घरात भांड्यांचेच आवाज. बाबा टीव्ही मोठ्याने लावायचे. आई मिठाचा अंदाज पुन्हा पुन्हा घेत होती, आणि मी केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं ठेवून दोघांचे श्वास मोजत होते.

शुक्रवार आला. सुट्टीचा दिवस, बाहेर मातकट धुळीचं वारं, खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबलेली. ओकादा-बाई, मोरी-सान आणि फुमिको-सान दुपारी आले. बाबा एकदम रंगात. मी बाहेर चहा ओतत होते. आईची ताटं तयार होती. मी आत जाऊन पाहिली होती, प्रत्येक वाटी आपापल्या जागी. सूप वाढून झाकलेलं, बांगडे नुकते आगीवरून उतरलेले, कातडीवर सोनेरी फोड आलेले. भात तेवढा राहिला होता, कारण तो अगदी शेवटी, वाफ जिवंत असताना वाढायचा. तेवढ्यात बाबा आत गेले आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, “अगं, वास बघ अंगाला केवढा! अशी येणार आहेस बाहेर? जा, साडी बदल. भात मी वाढतो.” आई म्हणाली, “नको, मी वाढते, दोन मिनिटं...” आणि बाबा, “जा म्हटलं ना! पाहुणे खोळंबलेत.” बाहेर लोक बसलेले. घरात पाहुणे असताना आवाज चढू द्यायचा नाही, हे आपल्या बायकांना कोण शिकवतं कोण जाणे. आई गेली.

ताटं बाबांनीच आणली. एकेक करून, हसत, जणू लग्नातली पंगत वाढतायत. वाडग्यांतला भात बघून मला आधी नुसतं आश्चर्य वाटलं. बाबांनी आपली वरणभाताची वाटी घेऊन, भात ठासून दाबून, प्रत्येक वाडग्यात मूद पाडली होती. काठाच्या वर आलेली, गुळगुळीत, गोल, शिगोशीग मूद. “अर्धं वाडगं भात पाहुण्याला? आमच्यात नाही चालत,” असं ते इंग्रजीत म्हणाले, “धिस इज अवर स्टाइल!” ओकादा-बाईंनी ताटाकडे पाहिलं. त्यांनी काड्या उचललेल्या होत्या, त्या त्यांनी परत खाली ठेवल्या, टोकं डावीकडे, अगदी नीट. फुमिको-सानचा हात तोंडावर गेला. मोरी-सान जपानीत हळूच काहीतरी बोलले, त्यावर बाईंनी मान हलवली. मग त्या उठल्या. चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. “माफ करा, मला बरं वाटत नाही,” म्हणाल्या, वाकल्या आणि दाराकडे गेल्या. त्याच वेळी आई आतून आली. इस्त्रीची हिरवी साडी, केसांवरून नुकता फिरवलेला कंगवा, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे घेऊन ती आठवडाभर वावरत होती.

तिने ताटं पाहिली. बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. मोरी-सानांनी शांतपणे विचारलं, “भात कुणी वाढला?” मीच म्हणाले, “बाबांनी.” बाबा मोठ्याने म्हणाले, “मीनल, आत जा!” आणि मग इंग्रजीत, “सर, प्लीज, माझ्या बायकोला तुमच्या पद्धती एवढ्या ठाऊक नाहीत...” आईने माझं मनगट घट्ट धरलं. मोरी-सानांकडे बघून म्हणाली, “सॉरी. माय मिस्टेक.” फुमिको-सान तिच्याकडे बघतच राहिली. दोन बोटं दाखवून इतके महिने शिकवलेलं, आणि हे! त्या दोघी एकमेकींशी पुन्हा कधी नीट बोलल्या नाहीत.

मी गप्प बसणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती दप्तरासकट फुमिको-सानच्या दारात गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. तिने मला आत घेतलं, पाणी दिलं आणि तेव्हा मला समजलं की ते काय होतं. जपानमध्ये माणूस गेला की त्याच्या उशाशी भाताचं वाडगं ठेवतात. एकाच खेपेत वाढलेलं, दुसरं वाडगं वर दाबून गोल केलेलं, असं वर आलेलं. तो मेलेल्याचा भात. ओकादा-बाईंनी तो आदल्या उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने नवऱ्यासाठी वाढला होता. “तुझ्या आईने चूक माझी म्हटलं,” फुमिको-सान म्हणाली, “तर मी तिच्या शब्दाचा मान ठेवायला हवा. आणि ओकादा-सानला आता तुझी आई दिसली की ते वाडगं दिसेल. त्याला इलाज नाही.” ओकादा-बाईंनी पुढे फिलिपिन्सची कुणी बाई ठेवली असं ऐकलं. आईने जपानी वाडगी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि आमच्या घरातली मासळी पुन्हा बंद झाली. बाबा म्हणाले, “झालं गेलं. आपल्याला काय स्वप्न पडलं होतं? एका अर्थी सुटलीस, त्या गर्मीत कुठे राबली असतीस!” आणि मला ते खरंच वाटलं. म्हणजे, अडाणीपणा. मोठेपणाची हौस, पाहुण्याला पोटभर वाढायची आपली खोड, आणि त्यातून झालेला घात. त्या वयात मी बाबांवर चिडले, पण त्यांना माफही केलं.

मग संक्रांतीला आमच्याकडे मंडळींचं तिळगूळ होतं. दिवाणखाना माणसांनी भरलेला. पुण्याहून नवा आलेला एक इंजिनिअर जपान्यांच्या प्रोजेक्टवर लागणार होता आणि बाबा त्याला जपान्यांशी कसं वागायचं ते शिकवत होते. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, वेळेच्या आधी पोचायचं, वगैरे. “आणि जेवायला बोलावलंस तर एक लक्षात ठेव,” बाबा म्हणाले, “भाताची मूद कधी पाडू नकोस त्यांच्यापुढे. मेलेल्याला वाढतात तसा भात. मी इथे नवा आलो ना, लग्नाच्याही आधी, तेव्हा साइटवर एक जपानी इन्स्पेक्टर हार्ट अटॅकने गेला. कॅम्पात त्याचा फोटो ठेवला होता, पुढ्यात हे एवढं वाडगं, अगदी आपली मूद, आणि वर दोन काड्या उभ्या. तेव्हापासून जो धडा घेतला तो घेतला!” सगळे ‘अरे बापरे’ म्हणाले. मी तिळगुळाचा डबा घेऊन उभी होते. लग्नाच्याही आधी. माझा जन्म व्हायच्याही आधी. बाबांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, मजेत लाडू खात होते. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. आई गुळपोळ्या लाटत होती. मी म्हटलं, “आई, बाबांना माहीत होतं.” तिचं लाटणं थांबलं नाही. मी पुन्हा म्हटलं, “त्यांनी मुद्दाम केलं. त्यांना आधीपासून माहीत होतं, तुला सांगते—”

“मला काय सांगतेस?” आई म्हणाली. “मलाही त्यांनीच सांगितलं होतं. लग्न होऊन इथे आले, पहिल्यांदा जेवायला वाढलं, तेव्हा मी हौसेने मूद पाडली होती त्यांच्या पानात. हसले होते. म्हणाले, जपान्याला वाढलीस तर पळून जाईल.”

“मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस? तुझी चूक का म्हटलंस?”

“कुणाला सांगू? मोरीसानांना? की माझ्या नवऱ्याने मुद्दाम पाहुणीच्या पुढ्यात मढ्याचा भात ठेवला? आणि मग कुठे जाऊ? इकाम्यावर नाव कुणाचं आहे? तुझी बारावी आहे गो.” तिने पोळी तव्यावर टाकली. मग, माझ्याकडे न बघता, अगदी हिशेबी आवाजात म्हणाली, “त्या दिवसानंतर मी त्यांना भात वाढलेला नाही. आठवून बघ.”

मी आठवून पाहिलं. खरंच. पोळ्या ती वाढायची, भाजी वाढायची, आमटी वाढायची. भाताचं पातेलं मात्र टेबलावर, त्यांच्या समोर. डाव त्यात. बाबा गप्पा मारत स्वतःच्या हाताने घ्यायचे आणि त्यांना वाटायचं, टेबलावर जेवतो म्हणून ही नवी पद्धत. आलेले पाहुणेसुद्धा कौतुक करायचे, कुलकर्ण्यांकडे किती मोकळं, ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं! एवढ्या बायकांत, एवढ्या सणावारांत कुणालाही ते दिसलं नाही. मलाही नाही. खरं सांगते, मला आईची भीती वाटली.

पुढे मी पुण्याला शिकायला गेले, नोकरी, लग्न, सगळं यथासांग झालं. बाबा निवृत्त झाले आणि दोघं नाशिकला आली. आता बाबांचे हात थरथरतात. डाव पातेल्यातून पानात येईपर्यंत अर्धा भात टेबलावर सांडतो. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. बाबांनी दोनदा प्रयत्न केला, मग डाव खाली ठेवला आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, “वसू, जरा भात...” आईने पातेलं त्यांच्या आणखी जवळ सरकवलं आणि हात परत मांडीवर ठेवले. माझ्या नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं. तो बिचारा उठला, वाढायला डाव उचलू लागला.

“बसा तुम्ही, जावईबापू,” आई म्हणाली. “भात कसा वाढायचा, ते त्यांना चांगलं माहीत आहे.”

बाबांनी मान वर केली नाही.